नोवजी काय म्हणाला

आमखेली खोऱ्यातल्या मेलेल्या माणसांचं गेल्या दोन पावसाळ्यांपासून एकच म्हणणं होतं : गोळी घेतली का?

सकाळी चूल पेटवण्याआधी बायका ओट्यावर बसत आणि कुणाकडे कोण येऊन गेलं ते एकमेकींना सांगत.

"माझ्याकडे सासरा."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? गोळी. जिवंत होता तोवर माझ्या ताटात काय पडलंय ते कधी बघितलं नाही त्यानं. आता पापणी खाली ओढून रंग बघतो."

"माझी आई आली. नदीपलीकडे उभी होती. मला वाटलं बोलावते आहे, म्हणून धावत गेले. तर म्हणते, चहावर घेऊ नको, लिंबू पिळून घे."

"तुझ्या आईला चहा कुठे माहीत होता?"

"इकडे नव्हता. तिकडे गेल्यावर शिकली असेल."

सगळ्या हसल्या. ओट्याच्या कडेला बसलेली इमला वळवीही हसली, पण थोडी उशिरा. लिंबाचं वाक्य तिनं स्वतः लिहिलं होतं.

इमलाचा बाप या खोऱ्यातला. ती शहाद्याला वाढली, पुण्याला डिझाइन शिकली आणि आरोग्य मोहिमेत कामाला लागली. मोहिमेचं काम एका ओळीत सांगता येण्यासारखं होतं : सातपुड्यातल्या गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, त्यांनी लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. गोळ्या घरोघर पोचत होत्या. पोटात जात नव्हत्या. आधीच्या लोकांनी भिंतींवर चित्रं लावली होती. डावीकडे फिकट बाई, मध्ये बाण, उजवीकडे लाल गालांची बाई. खोऱ्यातल्या बायकांनी ते चित्र नीट पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला, की डावीकडच्या बाईचं रक्त काढून उजवीकडच्या बाईला दिलं आहे. बाण तेच सांगत होता. उजवीकडची बाई शहरातली दिसत होती. त्यानंतर गोळ्या चुलीच्या राखेत पुरल्या जाऊ लागल्या.

हे इमलाला सांगितलं तिच्या फुईनं, बापाच्या बहिणीनं. रायसीफुई. आमखेलीत राहणारी, नवरा नोवजी जाऊन काही वर्षं झालेली, आमचूर वाळवण्यात अख्ख्या खोऱ्यात जिचा हात धरणारं कुणी नाही अशी. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. इथे मेलेला माणूस स्वप्नात येऊन काही मागतो, तेव्हा ते त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत पुरं करायचं असतं. भूक लागली म्हणाला तर पळसाच्या पानावर भाकरीचा तुकडा शिवेवर ठेवायचा. थंडी वाजते म्हणाला तर घोंगडीचा एक दोरा तिथल्या झुडपाला बांधायचा. जिवंत माणसाचं सांगणं उद्यावर ढकलता येतं. मेलेल्याचं ढकलता येत नाही.

इमलानं ते ऐकलं आणि पुण्याला डॉ. देवलांना फोन केला.


नोवजी, पहिल्यांदा

(गोळ्यांची स्वप्नं सुरू होण्याआधी इमलानं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेलं. बोलणारी रायसीफुई.)

…आला की आधी खोकणार. मेला तरी खोकला गेला नाही त्याचा. मग त्या सपाट दगडावर बसणार, जिथे आपण कैरीच्या फोडी टाकतो ना, तिथे, नेमका फोडींवर. मी म्हणते ऊठ, माझ्या फोडी. तर एक फोड उचलतो, चावतो, थुंकतो. म्हणतो, रायसी, हे आमचूर नाही, चप्पल आहे. मी म्हणते, मग नको खाऊ, मेलेला आहेस, तुला काय कमी पडतं? मग शेळीवरून सुरू. ती काळी शेळी मी विकली ना, तो गेल्यावर. ते त्याला अजून पटलेलं नाही. किती घेतले, कुणाला दिली, त्याला का दिली. भांड भांड भांडतो. मीही सोडत नाही. सकाळी उठते तेव्हा घसा दुखतो माझा. पण दिवस बरा जातो. कसं सांगू, जिवंत होता तेव्हा असं भांडायला वेळ नसायचा, कामं असायची. आता त्याला काही काम नाही, म्हणून तो अगदी निवांत…


डॉ. चारुहास देवल झोपेचा अभ्यास करत. त्यांच्या प्रयोगशाळेत माणसं झोपत आणि ते जागे राहत. त्यांना ठाऊक होतं, की झोपलेल्या माणसाचे डोळे पापण्यांआड हलायला लागतात तेव्हा स्वप्न सुरू असतं, आणि त्या वेळी बाहेरून दिलेली एखादी खूण स्वप्नात शिरते. अंगावर पाणी शिंपडलं तर माणूस स्वप्नात ओढा ओलांडतो. सगळ्यांत चांगली खूण म्हणजे वास. दिसणं, ऐकणं, स्पर्श, यांना मेंदूच्या देवडीवर थांबावं लागतं. वास तिथे थांबत नाही, थेट आठवणींच्या खोलीत जातो. वासामागोमाग कानाशी एखादं वाक्य कुजबुजलं, तर स्वप्नातलं माणूस ते वाक्य बोलतं. देवलांनी याला स्वप्नपेर म्हटलं होतं. एका माणसाच्या झोपेत एक वाक्य पेरायचं, आणि सकाळी ते त्याच्या तोंडून उगवतं का ते पाहायचं.

प्रयोगशाळेत यासाठी डोक्यावर तारांची टोपी घालावी लागे. इमलानं टोपी काढून टाकली. आमखेलीत प्रत्येक घरात आढ्याला वाळका दुधी टांगलेला असतो, बी ठेवायला. त्याला तुंबा म्हणतात. तिनं यंत्र त्या तुंब्यात बसवलं. ते वरूनच झोपलेल्यांचा श्वास आणि पापण्यांची हालचाल ओळखी, वास सोडी, कुजबुजे. बाहेरून पाहिलं तर तुंबाच.

आधी बायकांना विचारलं. देवल स्वतः आले होते. पांढरा शर्ट घालून ओट्यावर मांडी घालून बसले, इमला मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती.

"म्हणजे हा माणूस आमच्या मेलेल्यांना बोलावणार?"

"नाही," देवल म्हणाले. "मी फक्त वास सोडणार. बोलावेल तुमचाच मेंदू."

"आणि यायचं नसेल त्याला तर?"

"तर नाही येणार."

"माझा येईल," रायसीफुई म्हणाली. "वासावर तो तीन टेकड्या ओलांडून यायचा."

"पण आवाज कुणाचा?" दुसरीनं विचारलं. "माझ्या सासूचा आवाज यंत्रातून काढलात तर तुंबा फोडून टाकीन."

देवलांनी सांगितलं, की आवाज कुणाचाच नसतो. ती नुसती कुजबुज. तिला आवाज, चेहरा, खोकला, सगळं झोपलेल्या माणसाचा मेंदू लावतो. ही अट इमलानं घातली होती. आम्ही मेलेल्याचं सोंग करणार नाही, असं ती पहिल्याच बैठकीत म्हणाली होती, आणि सगळ्यांनी माना डोलवल्या होत्या.

प्रत्येक घरानं आपलं माणूस निवडलं आणि त्याचा वास सांगितला. अट एवढीच, की त्याचा शब्द घरात मानला जात असावा. ज्याच्यावर जीव आहे तो चालेल, ज्याची भीती वाटते तोही चालेल. ज्याचं कुणाला काही वाटत नाही असा मेलेला कामाचा नाही. रायसीफुईनं नोवजी दिला, आणि वास सांगितला उन्हात वाळणाऱ्या कैरीचा.

मोहीम चालली. इतकी चालली, की राजधानीतून माणसं बघायला आली. बायकांच्या पापण्यांच्या आतली बाजू गुलाबी होऊ लागली. बाळंतपणात बाया दगावण्याचं प्रमाण खाली आलं. बाहेरच्या पाहुण्यांपुढे इमलाला बोलायला उभं करत, आणि ती सांगे, की आम्ही इथल्या लोकांवर काही लादलं नाही, त्यांचीच वाट वापरली.


उन्हाळ्यात फुई कैऱ्या चिरत बसली होती. इमला समोर फोडी पसरवत होती.

"पोरी, एक मागू?"

"माग की."

"माझा माणूस परत दे."

इमलाचा हात थांबला.

"येत नाही का फुई?"

"येतो. रोज येतो. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, आता रोज. पण येऊन करतो काय? दगडावर बसतो. शहाण्यासारखा बाजूला बसतो, फोडींवर नाही. मी म्हणते, बस फोडींवर. तर म्हणतो, गोळी घेतली का. मी म्हणते, ती काळी शेळी तुझ्या भावालाच विकली, निम्म्या भावानं. खोटंच. चिडावा म्हणून. तर म्हणतो, भुरीला गोळी दिली का. मी म्हणते, तुझी आई चेटकीण होती. म्हणतो, लिंबू पिळून घे." फुईनं विळीवरची कैरी उगाच परत उचलली. "असा नव्हता गं तो."

"तुंबा काढून टाकू?"

"काढ."

घरातून भुरी बाहेर आली. फुईची सून. नवरा गुजरातेत कामाला, ती आठव्या महिन्यात. भिंतीला धरून उभी राहिली.

"काढू नका," ती म्हणाली.

"तू आत बस," फुई म्हणाली.

"बसते, पण काढू नका. मागच्या खेपेला मी गोळ्या राखेत पुरल्या होत्या. सगळ्या. उलटी होते म्हणून. नर्सबाईनं सांगितलं, ह्यांनी सांगितलं, तुम्हीही सांगितलं. मी हो म्हणायचे आणि पुरायचे. मग काय झालं ते तुम्हीच पाहिलं. मूल गेलं, आणि मलाही तुम्ही दोन माणसांच्या खांद्यावरून खाली दवाखान्यात नेलं." तिनं श्वास घेतला. "आता सासरे रोज सांगतात, म्हणून घेते. त्यांचं मोडता येत नाही."

"तू तर त्याला पाहिलंसुद्धा नाहीस. तुझं लग्न झालं तेव्हा तो गेलेला होता."

"तरी येतात. माझ्या मामासारखे दिसतात."

फुईला हसू आलं. मग ते गेलं.

"बघ," ती इमलाला म्हणाली. "आता तर कुणासारखाही दिसायला लागला."


नोवजी, दुसऱ्यांदा

(त्याच संध्याकाळी, फुईच्या तोंडून. इमलानं विचारलं होतं, पूर्वी यायचा तेव्हा कसा असायचा ते पुन्हा सांग.)

…यायचा, खोकायचा. खोकायचा ना? हो. दगडावर बसायचा. एक फोड उचलायचा, चावायचा, म्हणायचा, रायसी, हे आमचूर… काय म्हणायचा बघ. आंबट आहे म्हणायचा. की लिंबासारखं आहे? लिंबाचं काहीतरी होतं. मग शेळीवरून भांडायचा. किती घेतले, कुणाला दिली. आणि मग म्हणायचा, शेळी जाऊ दे, तू खातेस का नीट, तुझं तोंड पांढरं दिसतंय. तेव्हापासूनच काळजी होती त्याला. थांब, तेव्हापासून नव्हती. तेव्हा गोळ्या कुठे होत्या? मी काय सांगत होते…


दुसऱ्या दिवशी इमला टेकडीवर, जिथे फोन लागतो त्या मोहाखाली गेली.

"सर, ती जुनी आठवण सांगते आणि सांगता सांगता गोळ्या आत येतात. जाग असताना. स्वप्नात नाही."

पलीकडे देवल होते.

"आठवण म्हणजे आपल्याला वाटतं ट्रंकेत ठेवलेलं लुगडं," ते म्हणाले. "हवं तेव्हा काढावं, बघावं, घडी घालून ठेवावं. तसं नसतं. ओल्या मातीच्या भांड्यासारखं समज. ठेवलेलं असतं तोवर वाळलेलं, घट्ट. पण आठवलं, की ते पुन्हा ओलं होतं. काही तास ओलं राहतं आणि परत वाळतं. त्या वेळात ज्याचा हात लागेल त्याचे ठसे त्याच्यावर उमटतात. आम्ही त्याला फेरठसा म्हणतो. मेंदू मूळ प्रत ठेवत नाही. शेवटची आठवण हीच प्रत."

"म्हणजे रोज स्वप्नात नोवजी येतो…"

"रोज भांडं ओलं होतं. रोज आपलं वाक्य त्यावर उमटतं. शिवाय सकाळी उठून ती तेच सगळ्यांना सांगते. पुन्हा ओलं, पुन्हा ठसा. ती सांगण्याची रीत नसती तर इतकं घट्ट बसलं नसतं."

"ती रीत आहे म्हणूनच तर आपण हे केलं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"उंदरांत दिसलं होतं. माणसात इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. आणि इमला, आपण मोजत होतो रक्त. हे कुणी मोजतच नव्हतं."

"तुंबा काढला तर?"

"नवे ठसे उमटायचे थांबतील. गेलेलं परत यायचं नाही."

"दुसरं कुणी मेलेलं बसवलं तर? भुरीची आजी वगैरे?"

"रुजायला चार-पाच महिने लागतात. ती आठव्यात आहे म्हणालीस."

इमलानं विचारलं, "फुईला आज कळतंय की काहीतरी गेलंय. ते तरी राहील का?"

"ते कळणं हीसुद्धा एक आठवणच आहे," देवल म्हणाले.

ती खाली आली तेव्हा फुई दगडावर फोडी उलटत होती. इमलानं तिला सांगितलं, की भुरी मोकळी होऊ दे, मग तुंबा काढते.

फुईनं सुनेकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं.

"तोवर तो टिकेल ना?"

"टिकेल," इमला म्हणाली.


भुरीला पावसाळ्यात मुलगी झाली. रक्त फार गेलं नाही. जे गेलं ते तिला परवडलं. खाली न्यावं लागलं नाही, आणि चौथ्या दिवशी ती ओट्यावर बसून मुलीला तेल लावत होती.

इमला आली ज्वारीच्या कापणीला. रस्ते बंद होते, मग मोहिमेच्या बैठका होत्या. ही दोन्ही कारणं खरी होती. पिशवीत पाना घेऊन ती आढ्याखाली उभी राहिली.

"काय करतेस?" फुई म्हणाली.

"तुंबा काढते. तूच म्हणाली होतीस."

"मी?" फुई नातीला मांडीवर झुलवत होती. "कशाला काढीन? चांगला येतो की माझा माणूस."

"पण तो भांडत नाही म्हणालीस. तुला हवा तसा नाही."

"भांडायचा कधी तो?" फुईनं सुनेकडे पाहिलं, जणू इमलाला ऊन लागलं असावं. "देवमाणूस होता."


नोवजी, तिसऱ्यांदा

…यायचा. त्या दगडावर बसायचा, बाजूला, फोडी चुरगळू नयेत म्हणून. रायसी, तुझं तोंड पांढरं दिसतंय, म्हणायचा. गोळी घे. फार जीव त्याचा.


इमलानं मोबाइल काढला. तिला ते करायचं नव्हतं, आणि तरी तिनं केलं. पहिलं ध्वनिमुद्रण लावलं. खोकला, चप्पल, काळी शेळी, दुखणारा घसा. फुई लक्ष देऊन ऐकत होती. एका जागी भुरी हसली. फुई हसली नाही.

"कोण गं ही?"

"तूच आहेस फुई."

"आवाज माझ्यासारखा काढलाय." तिच्या चेहऱ्यावर दुःख दिसेल म्हणून इमला बघत होती. तिथे राग होता. "पण ही बाई खोटं बोलते. आणि नवऱ्याबद्दल असं बोलणाऱ्या बाईचं बोलणं तू फोनमध्ये ठेवतेस? पुसून टाक."

इमलानं ते पुसलं नाही. तुंबाही काढला नाही. काढायला सांगणारं माणूस त्या घरात उरलेलं नव्हतं.


त्या भागात एका खोऱ्यानं दुसऱ्या खोऱ्यातून काही नवं घ्यायचं असेल, मग ते बियाणं असो की सून, तर आधी बायका जाऊन येतात. जेवतात, विचारतात, आणि त्यांनी हो म्हटलं तरच पुढचं बोलणं. साहेबांच्या सभेला पुरुष बसतात. निकाल या जेवणावर लागतो.

थंडीत डोंगरापलीकडच्या बायका आमखेलीत आल्या. मोहीम आता त्यांच्याकडे जायची होती. त्यांच्याकडे नुकत्याच दोन बाळंतिणी दगावल्या होत्या. जेवणं फुईच्या ओट्यावर झाली. पलीकडची म्हातारी, सोमीबाई, हात धुवून फुईसमोर बसली.

"रायसी, सरळ विचारते. आमच्यात काही जणी म्हणतात, तुंबा बसवला की मेलेलं माणूस बदलतं. तुझा बदलला का?"

"काही बदलला नाही," फुई म्हणाली.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती त्या खोऱ्यातली सगळ्यात खरं बोलणारी बाई होती, म्हणून तर सोमीबाई तिच्याकडे आली होती.

"जसा होता तसाच येतो?"

"तसाच. उलट जास्त येतो."

इमला खांबाशी उभी होती. तिच्या लक्षात आलं, की या मोहिमेत जे बिघडतं ते बिघडलं असं सांगणारा साक्षीदारही त्याच्याबरोबरच जातो. अख्ख्या खोऱ्यात विचारत फिरलं तरी सगळ्या जणी हेच सांगतील, आणि सगळ्या खरं सांगतील. तिनं पुढे येऊन सांगितलं, की नोवजीमामा असा नव्हता. तो फोडींवर बसायचा, थुंकायचा, शेळीवरून भांडायचा. तुंब्यानं त्याला बदललं. मातीचं भांडं, ओलं होणं, ठसे, सगळं तिनं जमेल तसं सांगितलं.

बायकांनी फुईकडे पाहिलं.

"शहरात शिकली ना पोर," फुई म्हणाली. "जीव आहे तिचा आमच्यावर. पण मामाला तिनं पाहिलं किती? दिवाळीला यायची चार दिवस."

"बायकोला जास्त माहीत," सोमीबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. "आणि पोरी, तूच बसवलास ना तुंबा? मग आता तूच का नको म्हणतेस?"

"नको म्हणत नाही," इमला म्हणाली. भुरीची मुलगी आत रडत होती, चांगली मोठ्यानं.

सोमीबाईनं हो म्हटलं.


परत निघताना पाहुण्यांतली एक मागे राहिली. रमिला नाव. पोट दिसू लागलेलं. झऱ्यावर इमला पाणी पीत होती, तिथे आली.

"मघाशी खरं सांगितलंस?"

"हो."

"म्हणजे मी आईचं नाव दिलं तर आई येईल, पण माझी नाही."

"आधी तुझीच. मग हळूहळू…"

"आणि मला कळणार नाही."

"नाही."

इमलानं सवयीनं तिच्या पापणीची आतली कड पाहिली. पांढरी होती. रमिलानं ते पाहणं पाहिलं.

"नर्सबाई म्हणते, असंच राहिलं तर मी आणि हे, दोघं जाऊ. गोळी तोंडात धरली तरी उलटी होते. आईचं मात्र ऐकीन. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही कधी." ती दगडावर बसली. "तशीही ती मला जेव जेव म्हणूनच ओरडायची. फार काही जाणार नाही तिचं."

इमलानं ओले हात झटकले.

"बदलतं कधी? नुसतं झोपेत?"

"आठवलं की. आठवण वर काढली की ती ओली होते, आणि मग तिला जे चिकटेल ते चिकटतं."

"आणि वर काढलीच नाही तर?"

"तर जशी आहे तशी राहते."

रमिलानं विचार केला. बाजारात जाताना माणूस कनवटीला काय ठेवायचं आणि हातात काय ठेवायचं ते ठरवतं, तसा.

"मग ओरडणारी आई तुंब्याला देते. आणि एक बाजूला ठेवते. ती एकदा उन्हात केस वाळवत बसली होती, मी लहान होते, मागून जाऊन मी तिच्या…" ती थांबली. ओठ मिटले. "नको. सांगत नाही."

"सांग ना. मला सांग, मी लक्षात ठेवीन."

"सांगायचं तर आठवावं लागेल." ती उठली, लुगडं झटकलं. "ते आता मी आठवणारच नाही. तसंच ठेवीन."

चढणीवर पुढे गेलेल्या बायकांनी तिला हाक मारली, काय करतेस म्हणून विचारलं. काही नाही, ती ओरडली, आणि त्यांना गाठल्यावर घाईघाईनं वैरणीबद्दल बोलायला लागली.

रमिलाला मुलगी झाली. दोघी धडधाकट राहिल्या. मुलगी बोलायला लागली तशी सगळी मुलं विचारतात ते तिनंही विचारलं, आजी कशी होती?

"गोळी घे म्हणायची," रमिला म्हणाली.

"आणखी?"

आणखी होतं. रमिलानं ते आठवलं नाही.